भात सुधारणा आणि टिश्यू कल्चर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे शहरातले बायोटेकचे विद्यार्थी, मावळ-मुळशी-भोरकडचे बियाणे उत्पादक आणि काही हौशी शेतकरी यांच्याकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात आलेलं असेल तिथे फक्त क्रमांक दिला आहे.

१. केळी-उसासारखी भाताची टिश्यू कल्चर रोपं मिळतील का? एक एकर आंबेमोहर लावायचा आहे.

मिळणार नाहीत, आणि कुणी देऊ केली तरी घेऊ नका. केळीला रुजणारं बी नसतं. ऊस कांडीवर लावतात, त्यामुळे जुन्या बेण्यातला रोग नव्या पिकात उतरतो. म्हणून त्या पिकांत टिश्यू कल्चरच्या रोपाला किंमत आहे. भात स्वपरागित आहे, शुद्ध वाणाच्या दाण्यातून तोच वाण उगवतो. २० × १५ सेंटिमीटरवर आवणी केली तर एकरी सुमारे १ लाख ३५ हजार चूड बसतात. चुडात एकच रोप धरलं तरी तेवढी रोपं बाटलीत वाढवायची, त्यापेक्षा १५-२० किलो चांगलं बियाणं कितीतरी स्वस्त. शिवाय कॅलसमधून (बाटलीत वाढलेल्या पेशींच्या गोळ्यातून) आलेल्या रोपांत बदल होण्याची शक्यता असते (प्रश्न १५), म्हणजे शुद्धताही हातची जाते.

२. मग भात सुधारण्यात टिश्यू कल्चरचा उपयोग तरी काय?

सगळ्यात मोठा उपयोग परागकोश (फुलातली परागकणांची पिशवी) संवर्धनाचा. संकराच्या झाडाच्या परागकणांतून थेट रोप वाढवायचं, त्याची गुणसूत्रं दुप्पट झाली की एका पिढीत शंभर टक्के शुद्ध लाइन (एकसारखी झाडं देणारा वंश) हाती येते. तिलाच डबल हॅप्लॉइड म्हणतात. कटकच्या राष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं ‘पीएचबी ७१’ या संकरित भाताच्या परागकोशांतून ‘सत्यकृष्ण’ आणि ‘फाल्गुनी’ हे वाण असेच काढले.

बाकी तीन वाटा: जंगली भाताशी केलेल्या संकराचा मरू घातलेला भ्रूण वाचवणं (प्रश्न १६), कॅलसवर मीठ किंवा दुष्काळासारखा ताण देऊन निवड करणं (प्रश्न १५), आणि जनुक संपादनानंतर एका पेशीतून पूर्ण झाड उभं करणं. आमचं मत स्पष्ट आहे: परागकोशाची वाट नेहमीच्या पैदास कार्यक्रमात बसते, बाकीच्या गरज पडेल तेव्हाच धराव्यात. यातली कुठलीही वाट धरली तरी शेतातली निवड टळत नाही.

३. टिश्यू कल्चरचा भात म्हणजे जीएम भात का?

नाही. परागकोश संवर्धनात बाहेरचा जनुक घातला जात नाही, भाताचेच जनुक नव्या जुळणीत येतात. जनुक संपादन हा वेगळा विषय आहे, पण तिथेही शेवटी रोप कॅलसमधूनच उभं राहतं. भारतात मार्च २०२२ मध्ये परकीय डीएनए नसलेल्या एसडीएन-१ आणि एसडीएन-२ प्रकारच्या (ठरावीक जागी डीएनए कापून लहान बदल केलेल्या) संपादित वनस्पतींना जीएम पिकांच्या नियमांतून सूट मिळाली. मे २०२५ मध्ये ‘डीआरआर धान १०० (कमला)’ आणि ‘पुसा डीएसटी राइस १’ हे संपादित वाण जाहीर झाले. पहिल्याचा मूळ वाण सांबा मसुरी, दुसऱ्याचा एमटीयू १०१०.

४. वेळ नेमका किती वाचतो?

नेहमीच्या वंशावळ पद्धतीत एफ२ (संकराची दुसरी पिढी; पहिली ती एफ१) पासून एफ६-एफ७ पर्यंत निवड करत जावं लागतं. मावळात खरिपाचं एकच पीक धरलं तर हा पाच-सहा वर्षांचा मामला आहे. उन्हाळी हंगाम घेता आला तर कमी. परागकोशातून एफ१ ची पोटरी (पानाच्या आवरणातली, न निसवलेली लोंबी) ते कुंडीतलं शुद्ध रोप हे अंतर साधारण सहा ते आठ महिन्यांचं.

पण खरा फायदा आकड्यांत आहे आणि तो फार थोडे जण बघतात. समजा, एकमेकांशी न जोडलेले पाच जनुक शुद्ध स्वरूपात एकाच झाडात हवेत. एफ२ मध्ये असं झाड १०२४ मध्ये एक, डबल हॅप्लॉइडमध्ये ३२ मध्ये एक. एक तरी मिळेलच अशी ९५ टक्के खात्री हवी असेल, तर एफ२ ची सुमारे ३,०७० झाडं लागतील, डबल हॅप्लॉइडच्या ९५ लाइन पुरतील.

सुवासाचंच घ्या. सुवासिक भातात हा गुण बहुतेक वेळा एका अप्रभावी जनुकावर असतो. सुवासिक आणि बिनवासाच्या वाणाचा संकर केला तर एफ२ मध्ये चौथाई झाडं सुवासिक निघतात, डबल हॅप्लॉइडमध्ये निम्मी. इंद्रायणी हा आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून वडगाव मावळला निघालेला वाण. तशा संकरात वास आणि बुटकेपणा एकत्र पकडायचे, तर हा फरक मोठा ठरतो.

५. दाण्यापासून कॅलस कसं काढायचं? प्रमाणांसकट सांगा.

दाणे पूर्ण पक्व आणि शक्यतो मागच्या हंगामातले घ्या. साळ हाताने सोला. गिरणीत सडलेल्या तांदळाचा भ्रूण गेलेला असतो, तो चालत नाही. भ्रूण म्हणजे दाण्याच्या बुडाशी असलेला पांढरट ठिपका. त्यावर ओरखडा आला तर तो दाणा बाजूला टाका.

निर्जंतुकीकरण असं: ७० टक्के अल्कोहोलमध्ये एक मिनिट, मग २ टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये ट्वीन-२० (साबणासारखा पदार्थ) चे दोन थेंब टाकून २० ते ३० मिनिटं हलवत ठेवा, मग निर्जंतुक पाण्याने पाच वेळा धुवा. जुन्या प्रयोगवहीत ०.१ टक्के मर्क्युरिक क्लोराइड सापडेल. ते प्रभावी आहे, पण पारा आहे, ते पाणी बेसिनमध्ये ओतता येत नाही. हायपोक्लोराइटनं काम भागत असताना पाऱ्याच्या वाटेला जाऊ नका.

दाणे निर्जंतुक टिपकागदावर कोरडे करून भ्रूणाची बाजू वर ठेवून माध्यमावर (अगारसारख्या पदार्थाने घट्ट केलेलं पोषक द्रावण) मांडा. ९ सेंटिमीटरच्या पेट्रीडिशमध्ये दहा-बारा दाणे पुरे. माध्यम: एन६ (प्रश्न ६), त्यात २,४-डी (कॅलस बनवायला लावणारं संप्रेरक; शेतात हेच तणनाशक) २ मिलिग्रॅम प्रतिलिटर, साखर ३० ग्रॅम, प्रोलीन ५०० मिलिग्रॅम, केसीन हायड्रोलायसेट ३०० मिलिग्रॅम, पीएच ५.८, अगार ८ ग्रॅम किंवा फायटाजेल ३ ग्रॅम. १२१ अंशांवर, १५ पौंड दाबाखाली २० मिनिटं ऑटोक्लेव्ह करा. एका लिटरमध्ये २५ मिलिलिटरच्या चाळीसेक डिश होतात. अंधारात, २५ ते २८ अंशांवर ठेवा.

आठवड्याभरात भ्रूणाच्या ढालीसारख्या भागावर फुगवटा दिसतो. सोबत कोंब आणि मुळं आली तर ती कापून टाका. तीन-चार आठवड्यांनी साबुदाण्याच्या दाण्यासारखे गोल, कोरडे, दुधाळ-पिवळसर, सहज सुटणारे कण दिसतील. तेवढेच उचला. शेजारचा पाणीदार, काचेसारखा पारदर्शक भाग कितीही जोमात वाढत असला तरी त्यातून रोप येत नाही.

६. एमएस माध्यम वापरायचं की एन६?

दोन्ही म्हणजे क्षार-जीवनसत्त्वांची ठरलेली मिश्रणं. कॅलस काढायला एन६ किंवा त्याचे सुधारित प्रकार, कोंब फुटवायला एमएस. हे सरसकट चालणारं उत्तर. फरक मुख्यतः नायट्रोजनचा आहे. एमएसमध्ये अमोनियम नायट्रेट १,६५० मिलिग्रॅम प्रतिलिटर असतं, एन६ मध्ये अमोनियम सल्फेट फक्त ४६३ मिलिग्रॅम. मोलमध्ये मोजलं तर एन६ चं अमोनियम जवळपास एक तृतीयांश भरतं, आणि भाताच्या परागकोशांना तेच मानवतं. एन६ मुळात भाताच्या परागकोशांसाठीच बनवलं गेलं. तुमच्या वाणाला कोणतं चालतं हे पाच-पाच डिश लावून बघा. इंडिका (आपल्याकडच्या भाताचा गट) वाण एकमेकांशी फारसे मिळतेजुळते वागत नाहीत.

७. कृषी सेवा केंद्रातलं २,४-डी वापरलं तर चालेल?

नाही. रेणू तोच आहे, पण बाटलीत ५८ टक्के अमाइन सॉल्ट किंवा ३८ टक्के इथाइल एस्टर असतं, बाकी सगळी मिसळणी. इथे आपण लिटरला २ मिलिग्रॅम मोजतोय. प्रयोगशाळा प्रतीचं १०० मिलिग्रॅम २,४-डी काही थेंब १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवा आणि पाण्याने १०० मिलिलिटर करा. मग लिटर माध्यमाला त्यातलं २ मिलिलिटर लागतं. ते ऑटोक्लेव्हमध्ये टिकतं, वेगळं गाळून घालायची गरज नाही.

८. पावसाळ्यात निम्म्या डिश बुरशीने जातात. लॅमिनार फ्लो (गाळलेल्या हवेचा काम करायचा कक्ष) नवा आहे. चुकतंय कुठे?

आधी बुरशी कुठून सुरू झाली ते बघा, बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं. दाण्याभोवती वर्तुळ करून वाढली तर ती दाण्यातून आली. माध्यमाच्या मोकळ्या जागेत ठिपका पडला तर हवेतून किंवा हातातून. दाण्याखाली दुधाळ चिकट डाग दिसला तर ते दाण्याच्या आत राहणारे जिवाणू, वरून कितीही धुतले तरी जात नाहीत. बियाण्याचा लॉट बदला. परतीच्या पावसात भिजलेल्या किंवा लोळलेल्या पिकाचे दाणे वरून धुऊन साफ होत नाहीत, बुरशी सालीच्या आत शिरलेली असते. काळपट ठिपक्यांचे दाणे आधीच निवडून टाका.

माध्यम ओतल्यावर पाच-सहा डिश काहीही न लावता पाच दिवस तशाच ठेवा. त्यातच वाढ दिसली तर दोष ऑटोक्लेव्ह किंवा ओतण्याच्या पद्धतीत आहे, बियाण्यात नाही.

वीज गेली की फ्लो थांबतो आणि बाहेरची हवा आत येते. डिश झाका, वीज आल्यावर फ्लो किमान पंधरा मिनिटं चालू ठेवून, ७० टक्के अल्कोहोलनं पुसून मगच पुन्हा सुरुवात करा. हात अल्कोहोलनं पुसल्यावर कोरडे होईपर्यंत बर्नरजवळ नेऊ नका. पावसाळ्यात कापसाचे बूच ओलसर होतात आणि बुरशी त्यातून आत उतरते, त्यामुळे जून ते सप्टेंबर नळ्यांऐवजी पॅराफिल्म लावलेल्या डिश बऱ्या.

९. कॅलस येतं, पण नंतर तपकिरी होतं आणि कोंबच फुटत नाही.

इंडिका भातातली ही नेहमीची तक्रार आहे, आणि इंद्रायणी-आंबेमोहरासारखे आपल्याकडचे वाण इंडिकाच. जपानी वाणावर लिहिलेली कृती जशीच्या तशी इथे लावली की निराशा होते.

तपकिरी रंग जखमेतून सुटणाऱ्या फिनॉलचं ऑक्सिडेशन झाल्यामुळे येतो. कॅलस दर १२-१४ दिवसांनी ताज्या माध्यमावर हलवा, तुकडे फार बारीक करू नका, खोली २५-२६ अंशांवर ठेवा. काही जण यावर उपाय म्हणून सक्रिय कोळसा घालतात. तो फिनॉल शोषतो हे खरं, पण २,४-डी सुद्धा शोषतो आणि कॅलस उपाशी राहतं. कॅलसच्या माध्यमात कोळसा नको.

कोंब फुटवण्याच्या माध्यमावर टाकण्याआधी कॅलस थोडं सुकवा. निर्जंतुक कोरड्या टिपकागदावर पसरून, झाकण लावून, २४ तास अंधारात. ही एक पायरी इतकी स्वस्त आहे आणि इतका फरक पाडते की ती का टाळतात हे कळत नाही. ४८ तासांच्या पुढे नेऊ नका, मरतं. मग एमएस + कायनेटिन किंवा बीएपी २ मिलिग्रॅम + एनएए ०.५ ते १ मिलिग्रॅम प्रतिलिटर (ही सगळी वाढीची संप्रेरकं), फायटाजेल थोडं जास्त (४ ग्रॅम), १६ तास प्रकाश. दहा-बारा दिवसांत हिरवे ठिपके, तीन-चार आठवड्यांत कोंब. मुळांसाठी संप्रेरक नसलेलं अर्ध्या तीव्रतेचं एमएस.

तीन महिन्यांपेक्षा जुन्या कॅलसवर वेळ घालवू नका. कोंब देण्याची क्षमता वयाबरोबर घसरते आणि बदललेल्या पेशी साठत जातात.

१०. परागकोशासाठी पोटरी कधी काढायची?

इथे चूक झाली तर पुढचं सगळं वाया. परागकण एककेंद्रकी अवस्थेच्या मध्य ते शेवट या टप्प्यावर हवेत. लोंबी निसवल्यावर फार उशीर झालेला असतो. बाहेरची खूण: शेवटच्या पानाची कानपट्टी (पान खोडाला जुळतं तिथला कानासारखा भाग) आणि त्याखालच्या पानाची कानपट्टी यांत साधारण ४ ते ८ सेंटिमीटर अंतर. हे अंतर वाणागणिक बदलतं, म्हणून पहिल्या तीन-चार पोटऱ्या फोडून खात्री करा. परागकोश १ टक्का ॲसिटोकार्मिनमध्ये चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली एकच केंद्रक, कडेला सरकलेलं दिसलं पाहिजे. फुलाच्या आतला परागकोश फुलाच्या निम्म्या उंचीच्या आसपास आणि फिकट हिरवट असतो. पिवळा झालेला परागकोश गेला.

जूनच्या मध्यात पेरलेल्या १३५-१४० दिवसांच्या वाणाची पोटरी आपल्याकडे सप्टेंबरच्या मध्यापासून मिळायला लागते. एफ१ ची रोपं मोजकी असतात, सगळी एकदम पोटरीत आली तर हात पुरत नाहीत. दहा-पंधरा दिवसांच्या अंतराने तीन टप्प्यांत कुंड्यांत पेरा.

सकाळी सात ते नऊच्या दरम्यान मुख्य फुटव्यांच्या पोटऱ्या कापा, ओल्या फडक्यात गुंडाळून बर्फाच्या थर्मोकोल डब्यात आणा. मावळातून शहरात आणताना गाडीच्या डिकीत उघड्या ठेवल्या तर तासाभरात कोमेजतात. ७० टक्के अल्कोहोलनं पुसून, फॉइलमध्ये गुंडाळून ८ ते १० अंशांवर सात-आठ दिवस ठेवा. साध्या फ्रिजमध्ये खालचा कप्पा ४-५ अंशांवर असतो, तो जास्त थंड. थर्मामीटर ठेवून सेटिंग बदला.

११. परागकोश लावण्याची पद्धत आणि माध्यम?

लोंबी बाहेर काढून २ टक्के हायपोक्लोराइटमध्ये दहा मिनिटं, मग धुणं. फक्त मधल्या भागातली फुलं घ्या, कारण टोकाची फुलं अवस्थेने पुढे असतात आणि बुडाची मागे. फुलाचं बूड कात्रीनं छाटा, टोक चिमट्यात धरून डिशच्या कडेवर टिचका, सहाही परागकोश माध्यमावर पडतात. परागकोश चिमट्याने पकडून ओढू नका, भिंत फाटली की ती स्वतःच कॅलस करू लागते (प्रश्न १४). डिशमध्ये ५० ते ६० परागकोश.

माध्यम एन६, २,४-डी २ मिलिग्रॅम, कायनेटिन ०.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर. साखर म्हणून सुक्रोजऐवजी माल्टोज, ३० ते ५० ग्रॅम. माल्टोज महाग आहे, पण हात आखडता घ्यायची ही जागा नाही. अंधारात २५ अंशांवर चार ते आठ आठवडे. काही परागकोश महिन्यानंतर फुटतात, डिश लवकर फेकू नका. कॅलस १-२ मिलिमीटरचं झालं की लगेच कोंबाच्या माध्यमावर (प्रश्न ९). मोठं होऊ दिलं तर हिरवी रोपं कमी होतात.

अपेक्षा माफक ठेवा. इंडिकामध्ये शेकडा परागकोशांमागे कॅलस मोजकंच येतं आणि त्यातलं बरंच पांढरं रोप देतं. म्हणून परागकोश हजारांत लावावे लागतात.

१२. रोपं आली, पण सगळी पांढरी. पोषण कमी पडतंय का? लोह वाढवू का?

नाही. ही पांढरी रोपं लोहाने हिरवी होत नाहीत. परागकणातून वाढताना हरितलवकाच्या डीएनएचे मोठे तुकडे गळालेले असतात, हरितद्रव्य बनवायची यंत्रणाच नसते. बाटलीत साखर आहे तोवर जगतात, बाहेर काढल्यावर मरतात. टाकून द्या.

कमी करता येतात: पोटरी योग्य अवस्थेत घ्या (उशिराच्या परागकणांत प्रमाण वाढतं), थंडीचा काळ फार लांबवू नका, माल्टोज वापरा, कॅलस लहान असतानाच हलवा. तरीही वाणाचा स्वभाव आडवा येतो. एखाद्या संकरात पांढरी रोपं जास्तच येत असतील तर त्यातल्या एका जनकाऐवजी चांगला प्रतिसाद देणारा जनक घेऊन पुन्हा संकर करणं हाच पर्याय राहतो.

१३. हिरवं रोप हॅप्लॉइड आहे की डबल हॅप्लॉइड, कसं ओळखायचं?

भाताची गुणसूत्रं २४, हॅप्लॉइडची १२. मुळाच्या टोकावर मोजणी किंवा फ्लो सायटोमीटर हे पक्के मार्ग. कुंडीत मात्र डोळ्यानेही बरंच कळतं: हॅप्लॉइड रोप बुटकं, पानं अरुंद, फुलं छोटी, लोंबी निसवते पण एकही दाणा भरत नाही. पानाच्या रंध्रांच्या रक्षक पेशीही लहान असतात.

भातात गुणसूत्रं आपोआप दुप्पट होण्याचं प्रमाण चांगलं असतं, अनेक संकरांत निम्म्याच्या आसपास. त्यामुळे कोल्चिसिनची (गुणसूत्रं दुप्पट करणारं रसायन) घाई नको. उरलेली हॅप्लॉइड मौल्यवान वाटत असतील तर फुटवे वेगळे करून, मुळं-पानं छाटून, खोडाचा खालचा भाग ०.१ टक्का कोल्चिसिन आणि थोड्या डीएमएसओच्या द्रावणात काही तास ठेवतात. कोल्चिसिन विषारी आहे आणि डीएमएसओ ते कातडीतून आत नेतं. हातमोजे, चष्मा आणि वेगळं भांडं लागेल.

१४. दाणे भरतायत, म्हणजे डबल हॅप्लॉइडच ना?

नाही, आणि इथे बरेच प्रबंध घसरतात. परागकोशाच्या भिंतीतूनही कॅलस येऊ शकतं. ते रोप म्हणजे मूळ एफ१ चीच नक्कल, तीही दाणे भरते. दोन्ही जनकांत फरक दाखवणारे एसएसआर मार्कर (डीएनएतले ओळख पटवणारे तुकडे) लावा. डबल हॅप्लॉइडमध्ये प्रत्येक मार्करला एकच पट्टी दिसते, आईची किंवा बापाची. दोन्ही पट्ट्या दिसल्या तर ते भिंतीतलं रोप. मार्कर सोय नसेल तर पुढच्या पिढीत वीस-पंचवीस रोपं लावा. उंची, निसवणं, दाण्याचा आकार सगळं एकसारखं असेल तर लाइन शुद्ध, वेगवेगळं दिसलं तर नाही.

याच्याच जोडीने येणारा प्रश्न म्हणजे परागकोश एफ१ चे घ्यायचे की एफ२ चे. एफ१ मधून गुणसूत्रांची अदलाबदल एकदाच होते, त्यामुळे चांगल्या जनुकाला चिकटलेला नको असलेला तुकडा सहज सुटत नाही. सुवास आणि लोळण्याची सवय सोबत येतायत असं दिसलं, तर एफ२ किंवा एफ३ ची निवडक झाडं परागकोश देणारी म्हणून धरा. एक-दोन हंगाम जातात, पण मिळणारी जुळणी जास्त मोकळी असते.

१५. मिठाच्या माध्यमावर जगलेलं कॅलस निवडलं. आता ती खारजमिनीची लाइन झाली का?

अजून नाही. टिश्यू कल्चरमध्ये अनुवंशिक बदल होतात हे खरं. भातात ‘टॉस१७’ नावाचा उड्या मारणारा जनुक संवर्धनात जागा होतो, हे त्यातलं एक कारण. १०० मिलिमोलर मीठ म्हणजे लिटरला ५.८४ ग्रॅम, १५० म्हणजे ८.७७ ग्रॅम. या पातळीवर दोन-तीन फेऱ्या काढणाऱ्या पेशींत तीन गट असतात: खरोखर बदललेल्या, तात्पुरत्या सवयीने तग धरलेल्या, आणि शेजारच्या मेलेल्या पेशींच्या आडोशाला वाचलेल्या. तुकडे मोठे ठेवले तर तिसरा गट फार वाढतो. निवडीच्या मधे एक फेरी मिठाशिवाय घ्या आणि पुन्हा मिठावर टाका, सवयीने जगलेल्या इथे गळतात.

शिवाय पेशीचं मीठ सोसणं आणि अख्ख्या झाडाचं सोसणं वेगळं. झाडात मुळाने सोडियम अडवणं, जुन्या पानांत साठवणं अशा गोष्टी असतात ज्या कॅलसमध्ये नाहीतच. म्हणून दाण्यातून आलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीची चाचणी खाऱ्या जमिनीत, पनवेल ३ सारखा खार सोसणारा वाण शेजारी लावून घ्या. आमच्या अनुभवी डोळ्याला या वाटेनं मिळणारं फळ कष्टाच्या मानानं थोडं वाटतं.

१६. जंगली भाताशी संकर केला, दाणा धरतो पण वाळतो. उपाय?

भ्रूण वाचवणं. भ्रूण जिवंत असतो, पण त्याला पोसणारा गर मरतो. परागीकरणानंतर १० ते १४ दिवसांत दाणा काढून, निर्जंतुक करून, सूक्ष्मदर्शकाखाली भ्रूण सोडवा आणि चतुर्थांश तीव्रतेच्या एमएसवर अंधारात ठेवा. रुजला की उजेडात. एफ१ बहुधा वांझ निघतं, त्यामुळे लागवडीच्या भाताशी पुन्हा संकर करावा लागतो आणि पहिल्या एक-दोन पिढ्यांत पुन्हा भ्रूण सोडवावा लागतो. ओरायझा ऑफिसिनॅलिसमधली तपकिरी तुडतुड्यांची प्रतिकारकता अशीच भातात आणली गेली. आफ्रिकी आणि आशियाई भाताच्या संकरातून आलेले ‘नेरिका’ वाणही भ्रूण वाचवूनच शक्य झाले. त्यासाठी माँटी जोन्स यांना २००४ चं जागतिक अन्न पारितोषिक मिळालं.

१७. बाटलीतली रोपं कुंडीत आठ दिवसांत मरतात.

मुळांना चिकटलेलं माध्यम पूर्ण धुतलेलं नसतं. त्यातल्या साखरेवर बुरशी येते आणि रोप बुडापासून कुजतं. कोमट पाण्यात मुळं हळू धुवा. मग पाच-सात दिवस साध्या पाण्यात किंवा योशिदा द्रावणात (भातासाठीचं पोषक द्रावण) मुळं बुडवून, वर पारदर्शक पिशवी घालून ठेवा आणि पिशवी रोज थोडी उघडत जा. त्यानंतर चिखल केलेल्या कुंडीत, वर २-३ सेंटिमीटर पाणी ठेवून. एप्रिल-मेमध्ये पुण्याची कोरडी हवा पानं करपवते, ५० टक्के शेडनेट हवं. डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्रींत रोप मरत नाही, पण वाढही थांबते. सप्टेंबरमध्ये लावलेल्या परागकोशांची रोपं नेमकी तेव्हाच बाहेर येतात, तेव्हा पॉलिहाऊसमध्ये जागा आधीच राखून ठेवा.

१८. शुद्ध लाइन मिळाली. लगेच बियाणं विकू शकतो का?

शुद्ध असणं आणि चांगलं असणं यात अंतर आहे. बहुतेक डबल हॅप्लॉइड लाइन जनकांपेक्षा वाईटच निघतात. शंभरातून पाच ठेवल्या तरी पुष्कळ. पहिल्या हंगामात दाणे वाढवा आणि वासाची चाचणी करा: २ ग्रॅम पानं बारीक कापून १.७ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या १० मिलिलिटरमध्ये दहा मिनिटं, मग हुंगणं. एकामागून एक पाच-सहा नमुने हुंगले की नाक थकतं, मधे थांबा. दुसऱ्या हंगामात ओळीत तुलना, तिसऱ्यापासून पुनरावृत्तीसह चाचण्या. करप्यासाठी लोणावळ्यासारख्या जास्त पावसाच्या ठिकाणी लावून बघा, तिथे टिकलं तर मावळात टिकेल. पुढे कृषी विद्यापीठ आणि हैदराबादहून चालणाऱ्या अखिल भारतीय समन्वित चाचण्या आहेतच.

१९. बाजारातल्या संकरित भाताचे परागकोश घेऊन वाण काढला तर कंपनी आडवी येईल का?

पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ च्या कलम ३० नुसार नोंदणीकृत वाण संशोधनासाठी आणि नवा वाण तयार करण्याचा मूळ स्रोत म्हणून वापरता येतो. परवानगी लागते ती एखादा नोंदणीकृत वाण जनक म्हणून वारंवार वापरल्याशिवाय व्यापारी उत्पादनच होत नसेल तेव्हा. डबल हॅप्लॉइड लाइन स्वतःच्याच दाण्यावर वाढते, संकरित वाणाकडे पुन्हा जावं लागत नाही. तरी बियाणं विकत घेतल्याची पावती आणि लॉट क्रमांक प्रयोगवहीत चिकटवून ठेवा, आणि पिशवीवर किंवा करारात वेगळ्या अटी असतील तर वाण नोंदणीच्या आधी वकिलाकडून वाचून घ्या.